इंडक्शन शेगडी घेताना तवा बरोबर न्या

भगिनींनो, हरसूलच्या बाजारात इंडक्शन शेगडी घ्यायची असेल तर पिशवीत घरचा सपाट बुडाचा लोखंडी तवा टाका. मी पहिली शेगडी नुसती चकाकी पाहून आणली आणि महिनाभर मधे करपलेल्या, कडेला कच्च्या भाकऱ्या खाल्ल्या!

दुकानातच तव्यावर पाण्याचा पातळ थर घालून शेगडी चालू करायला सांगावे. बुडबुडे जेवढ्या गोलात उठतील, साधारण तेवढेच आतले तारेचे वेटोळे. गोल वाटीएवढाच दिसला, तर नागलीची भाकरी तिच्यावर नीट भाजणार नाही. स्वस्त असली तरी घेऊ नये. मग आच अगदी मंद करून पाहा. पाणी घटकेत खळखळते, घटकेत गप्प होते, अशा शेगडीवर दूध सांभाळणे कठीण.

आय.एस.आय. शिक्का पाहावाच. घरची इतर भांडीही तपासा. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला तरच ती चालतील. मातीचे किंवा साधे ॲल्युमिनियमचे भांडे तापणार नाही.

२००० वॅटची शेगडी पूर्ण आचेवर सुमारे ९ अँपिअर वीज ओढते, तासाला २ युनिटे. दिव्याच्या बोर्डावर ती लावू नका, वायर जळेल. १६ अँपिअरचा पॉवर प्लग व अर्थिंग आधी करून घ्यावे. आणि घरातली चूल इतक्यात मोडू नका. वीज गेली की तिचीच आठवण येते.