पाण्यासारखं रक्त

मुलांनो, आज आधी फ्रीजरमध्ये डोकावू या. आईला विचारून दोन वाट्या आत ठेवा. एकीत साधं पाणी, दुसरीत तेवढंच पाणी पण चमचाभर मीठ घालून. मधूनमधून बघत राहा. बर्फाची साय आधी साध्या पाण्यावर धरेल. खारं पाणी गोठायला शून्याच्याही खाली जावं लागतं. समुद्राचं पाणी गोठतं ते उणे १.९ अंशाला.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतचं पाणी बऱ्याच ठिकाणी वर्षभर याच तापमानाच्या आसपास असतं. आता गोम अशी, की माशाचं रक्त समुद्राइतकं खारट नसतं. साधा मासा तिथे सोडला तर उणे १ अंश व्हायच्या आधीच त्याचं रक्त गोठू लागेल. पोहता पोहता कुल्फीच की हो! मग तिथले मासे जगतात कसे?

हे कोडं अमेरिकेच्या आर्थर डिव्रीज यांनी १९६०च्या दशकात सोडवायला घेतलं. मॅकमर्डो इथे बर्फाला भोक पाडायचं, खालून मासा काढायचा आणि त्याचं रक्त तपासायचं. त्या रक्तात त्यांना साखर जोडलेलं एक खास प्रथिन सापडलं. बर्फाचे कण माशाच्या शरीरात शिरतातच, बरं का. पण कण दिसला रे दिसला की हे प्रथिन त्याला जाऊन चिकटतं आणि वाढूच देत नाही. मोठा खडा झालाच नाही, तर रक्त गोठणार कसं? १९९७ साली आणखी एक गंमत कळली. या प्रथिनाचं जनुक तयार झालंय पचनाच्या ट्रिप्सिनोजेन या रसाच्या जनुकापासून. जुन्या लुगड्याची गोधडी शिवावी, तसलाच प्रकार!

या माशांच्या गोतावळ्यात एक तर फारच विलक्षण. त्याचं नाव आइसफिश, म्हणजे हिममासा. देवमाशांची शिकार करणारे नॉर्वेचे खलाशी सांगत, की तिकडे बिनरक्ताचे मासे असतात. लोकांना ती थापच वाटे. अखेर योहान रूड यांनी तपासणी करून १९५४ साली जाहीर केलं, की रक्त आहे, पण पाण्यासारखं! आपलं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे. प्राणवायू वाहून नेणारं हेच हिमोग्लोबिन हिममाशाकडे नाही. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत मोठेपणीही हिमोग्लोबिनविना जगणारं हे एकच कूळ.

मग प्राणवायू? थंड पाण्यात तो जास्त विरघळतो. तोच रक्तातही तसाच विरघळून वाहतो. मात्र असं रक्त लाल रक्ताच्या जेमतेम दहावा हिस्सा प्राणवायू नेऊ शकतं. म्हणून रक्त भरपूर, नळ्या रुंद आणि हृदय चांगलं मोठं. हिमोग्लोबिन जाण्यात फायदा होता की तो निव्वळ अपघात, यावर शास्त्रज्ञांचे वाद आहेत. मला विचाराल तर अपघातच असावा. एवढं मोठं हृदय सतत चालवायला काय कमी शक्ती लागते?

यातच धोकाही आहे. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू घटतो. अंटार्क्टिकाचे काही मासे तर ५ ते ७ अंशांच्या पाण्यातच मरतात, असं प्रयोगात दिसलंय. तुमच्या फ्रीजमधली पाण्याची बाटली म्हणजे त्यांचा वैशाख वणवा!

दुसरा धोका जाळ्यांचा. १९६९-७० च्या हंगामात दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ हिममाशाच्या एका चुलतभावाची सुमारे ४ लाख टन मासेमारी झाली. दोनच वर्षांत मासळी जवळजवळ संपली. पुढे १९८२ साली या समुद्रातल्या जीवांसाठी आंतरराष्ट्रीय करार लागू झाला.

आणि २०२१ च्या फेब्रुवारीत काय झालं, ऐका. जर्मनीचं 'पोलारस्टर्न' जहाज वेडेल समुद्रात बर्फ फोडत चाललं होतं. मागे दोराला कॅमेरा बांधलेला. सुमारे ५०० मीटर खोल तळाची चित्रं येऊ लागली, तर नुसती घरटीच घरटी! पाऊण मीटर रुंद खळगा, त्यात सरासरी १,७३५ अंडी आणि बहुतेक घरट्यांवर राखणीला एकेक हिममासा. तासन्‌तास कॅमेरा पुढे सरकला तरी वसाहत संपेना. अंदाज निघाला २४० चौरस किलोमीटरांचा आणि सुमारे ६ कोटी घरट्यांचा. माशांची एवढी मोठी वसाहत त्याआधी कुणी पाहिलीच नव्हती. वेडेल सील तिथे बुड्या मारतात. त्यांना ही खाणावळ आधीच ठाऊक असणार.

हा समुद्र राखीव करावा, असा प्रस्ताव २०१६ पासून करारातल्या देशांपुढे आहे. भारतही या करारात आहे आणि २०२१ साली आपण प्रस्तावाला पाठिंबा जाहीर केला. पण तिथे बहुमत चालत नाही, सगळ्यांचं 'हो' लागतं. २०२४ च्या बैठकीपर्यंत तरी ते मिळालं नव्हतं.