जुना रोटाव्हेटर कितीला पडतो?

वारूळवाडीच्या एका महिला बचत गटाकडून या सदराकडे विचारणा आली आहे. गटाकडे मिनी ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, फणांचा कल्टिव्हेटर आहे. परंतु टोमॅटोचा हंगाम आला की शेतकरी विचारतात, "ताई, रोटर आहे का?" नाही म्हटले की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारी जाते. एका गॅरेजात जुना रोटाव्हेटर विकायला उभा आहे, मालक २५ हजार मागतो, तो घ्यावा का? ही अडचण एकाच गटाची नाही, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहे.

सामाजिक न्याय विभागाने २०१२ साली अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टर व उपसाधनांची योजना सुरू केली. साडेतीन लाखांची मर्यादा, त्यात ९० टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार अनुदान आणि ३५ हजार गटाचा हिस्सा. ट्रॅक्टर ९ ते १८ अश्वशक्तीचा, सोबत ट्रॉली आणि कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर. या 'किंवा'पाशीच गाडे अडते. ज्या गटाने कल्टिव्हेटर पसंत केला, त्याला रोटाव्हेटर स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो. दहा जणींच्या गटात २५ हजार म्हणजे एकीच्या वाट्याला अडीच हजार. मजुरीचे किती दिवस झाले, हे भगिनींनी स्वतःच मोजावे.

नवीन अवजाराला कृषी खात्याच्या यांत्रिकीकरण योजनेत अनुसूचित जाती, महिला व अल्पभूधारक शेतकऱ्यांना ठरलेल्या कमाल मर्यादेत ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. आधी पूर्वसंमती, मग खरेदी, मग अनुदान, असा तिचा क्रम. म्हणजे पूर्ण रक्कम प्रथम खिशातून घालावी लागते, आणि अर्जाला जमिनीचे कागद लागतात. ज्यांच्या नावे सातबाराच नाही त्यांनी काय करावे? जुन्या अवजाराला अनुदान नाही. तरीही गटातील एखाद्या भगिनीच्या नावे जमीन असेल तर आधी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. नाही जमले तर जुन्याकडे वळावे.

आता २५ हजार हा आकडा बाजूला ठेवा. मी कारकून माणूस, मला कागदावर दोन रकाने पाडल्याशिवाय चैन पडत नाही. डाव्या रकान्यात मालकाची मागणी. उजव्या रकान्यात मेस्त्रीने पाहून सांगितलेला दुरुस्तीचा खर्च, टेम्पोचे भाडे, मेस्त्रीची मजुरी. समजा दुरुस्ती ११ हजार आणि टेम्पो दीड हजार झाला, तर ती वस्तू साडेसदतीस हजारांना पडली. हा हिशोब पैसे देण्यापूर्वी झाला तर घासाघीस करता येते. नंतर झाला तर गटाच्या बैठकीत फक्त भांडण होते.

पहिली गोष्ट मापाची. मोठ्या ट्रॅक्टरचे पाच-सहा फुटी रोटाव्हेटर जुन्या बाजारात पुष्कळ दिसतात आणि स्वस्तही मिळतात. ते ३५-४० अश्वशक्तीच्या पुढच्या ट्रॅक्टरचे काम. १५ ते १८ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला साधारण तीन फुटी पुरे. मोठा लावला तर उचलताना ट्रॅक्टरचे पुढचे तोंड वर येते आणि रानात इंजिन गुदमरते. ट्रॅक्टरच्या दोन्ही मागच्या टायरांची बाहेरून बाहेर रुंदी टेपने मोजून न्यावी. पाती टायरच्या खुणेपर्यंत पोहोचली नाहीत तर चाकाखालची पट्टी दाबलेलीच राहते. पिनांची जाडीही मोजावी. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या दोन आर्मना बहुधा २२ मिलिमीटरची पिन बसते, मोठ्याच्या अवजाराला २८ ची असते. २२ च्या पिनेवर रुंद भोकाचे अवजार तारेने बांधून चालवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.

आता तपासणी. ताज्या रंगावर भाळू नये. रंगाखाली फ्रेमला वेल्डिंगचे जोड आहेत का, ते बोट फिरवून पाहावे. रोटाव्हेटर ठोकळ्यांवर घट्ट टेकवून रोटर हाताने पूर्ण फिरवावा. एक काठी शेजारी रोवून पाईप तिच्यापासून सारख्याच अंतरावर फिरतो का ते बघितले की वाक कळतो. पाईप वाकलेला असेल तर सरळ घरी यावे. गिअरबॉक्सचा वरचा शाफ्ट धरून हलवावा, खडखडला तर बेअरिंग गेलेले आहे. ऑइल काढून बोटांवर घ्यावे. दुधासारखे असेल तर आत पाणी शिरले, त्यात लोखंडाची चमक असेल तर दात झिजले. बाजूच्या पेटीत चेन असते, काहींत गिअर असतात. तिचेही झाकण उघडायला लावावे. मालक कुरकुर करील, करू द्या.

आपल्या भागात आणखी एक दुखणे आहे. नारायणगावच्या आसपास टोमॅटोचे रान म्हटले की सुतळी, तार, मल्चिंगचा कागद आणि ठिबकच्या तुटक्या नळ्या आल्याच. रान नीट न वेचता रोटर मारला की हे सगळे रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळले जाते, आवळत आवळत ऑइल सील कापते, मग ऑइल गळते, माती आत जाते आणि बेअरिंग संपते. म्हणून दोन्ही टोके चाकूने साफ करवून मगच बघावीत.

दुरुस्तीत पात्यांचा पूर्ण संच बदलणे चांगले. अर्धी नवी, अर्धी झिजलेली ठेवली तर यंत्र हादरते. पाते इंग्रजी 'एल' अक्षरासारखे वाकलेले असते. ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाने १९१२ पासून फिरत्या अवजाराचे प्रयोग केले. त्याच्या पहिल्या चकत्या माती बाजूला उडवत, तेव्हा त्याने हा आकार काढला आणि १९२० साली पेटंट घेतले. डाव्या आणि उजव्या वाकाची पाती वेगवेगळी असतात आणि ती रोटरवर मळसूत्रासारखी पुढे-मागे बसवलेली असतात, म्हणजे सगळी एकदम जमिनीवर आदळत नाहीत. जुनी काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. धारेची बाजू आधी जमिनीत शिरेल अशी बसवावी. नटबोल्ट पात्यांबरोबर मिळतात तेच घ्यावेत, साध्या दुकानातले मऊ बोल्ट तुटतात. शाफ्टला शिअर बोल्ट असेल तर तो मात्र ठरलेल्याच ताकदीचा हवा. तो घरातल्या फ्यूजसारखा आहे, दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. "वारंवार तुटतो" म्हणून तिथे भक्कम बोल्ट घालणारा मेस्त्री बदलावा.

जोडणी सपाट जागेवर, इंजिन बंद करून, किल्ली काढून करावी. प्रथम डावा आर्म, मग उंची कमी-जास्त होणारा उजवा, मग वरची टॉप लिंक, सर्वांत शेवटी शाफ्ट. उजव्या आर्मने अवजार आडवे समतल करावे आणि टॉप लिंकने गिअरबॉक्स असा ठेवावा की कामाच्या वेळी त्याचा शाफ्ट ट्रॅक्टरच्या पीटीओला समांतर राहील. दोन्ही बाजूंच्या साखळ्या आवळाव्यात, थोडी ढील ठेवावी. जुन्या रोटाव्हेटरबरोबर आलेला शाफ्ट दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मापाचा असतो. लांब पडला तर उचलताना गिअरबॉक्सला आतून ठोसतो, आखूड पडला तर निसटतो. म्हणून शाफ्ट न जोडता लिफ्ट हळूहळू वर-खाली करावी आणि दोन टोके सर्वांत जवळ कधी येतात ते मोजावे. त्या वेळी शाफ्टला इंच-दीड इंच मोकळीक हवी, आणि सर्वांत लांब असताना दोन नळ्या एकमेकींत किमान अर्धा फूट राहिल्या पाहिजेत. कापावयाचे तर दोन्ही नळ्या आणि दोन्ही कव्हर सारखेच कापावेत.

कव्हर म्हटले ते मुद्दाम. जुन्या रोटाव्हेटरच्या शाफ्टवर ते बहुधा नसतेच, आणि मालक सांगतो की त्याने काही बिघडत नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पदर, ओढणी, सुटलेली वेणी, धोतराचा सोगा, काहीही त्याच्या तावडीत सापडले तर "थांबव" म्हणायच्या आत माणूस ओढला जातो. मळणी यंत्रांवर हात गमावलेले मजूर आपल्या वस्त्यांनी पाहिले आहेत. त्या अपघातांमुळेच १९८३ साली धोकादायक यंत्रांचा केंद्रीय कायदा करावा लागला. रोटाव्हेटरमागे दगड वेचायला, सुतळी गोळा करायला चालतात त्या आपल्याच बाया. म्हणून उजव्या रकान्यात शाफ्टचे कव्हर आणि मागची माती अडवणारी फळी यांची किंमत आधी लिहावी, बाकीचे नंतर. पैसे कमी पडले तर पाती जुनी चालवा, कव्हर सोडू नका. रोटर फिरत असताना मागे कोणी नको आणि ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कोणी बसायचे नाही, हे गटाच्या ठराव-वहीत लिहून सह्या घ्याव्यात. भाड्याने बोलावणाऱ्या शेतकऱ्यालाही तसेच सांगावे. रागावला तर रागावला.

कागदाचेही पाहावे. विकणाऱ्याकडे मूळ बिल आहे का? अवजार एखाद्या योजनेतून आलेले असेल तर त्याच्या विक्रीवर बंधन असू शकते. सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात विचारून मगच हात घालावा. पावती गटाच्या नावाने, रक्कम गटाच्या खात्यातून.

पहिल्या दिवशी भाड्याच्या रानात जाऊ नये. गटातल्याच कोणाच्या वाफशावर आलेल्या तुकड्यात, पीटीओचा कमी वेग आणि हलका गिअर टाकून अर्धा तास चालवावे. ओल्या रानात माती पात्यांना चिकटते. हरळी-लव्हाळ्याच्या रानात तर रोटर तण तोडून सगळीकडे पेरतो, तिथे आधी वेचणी हवी. वळताना आधी रोटर बंद करावा, मग उचलावा, नाहीतर शाफ्टचे क्रॉस लवकर जातात. अर्ध्या तासाने इंजिन बंद करून, रोटर पूर्ण थांबल्यावर गिअरबॉक्सला हात लावून पाहावा. हात ठेवता येत नसेल इतका तापला तर मेस्त्रीला बोलवावे. मग एकेक पाते पान्याने पुन्हा आवळावे. नव्या बोल्टचे नट पहिल्या दिवशी हमखास सैल होतात.