देशभक्तीची उलटतपासणी

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या नायकाला सगळं होतं. ताप येतो, दगा होतो, वीरमरण येतं. आपण करतोय ते बरोबर आहे का, एवढी एकच शंका सहसा त्याच्या वाटेला फिरकत नाही.

बंगाल्यांनीही सुरुवात अशीच केली. 1882 मध्ये 'आनंदमठ' पुस्तकरूपात आली आणि संन्याशांच्या हाती शस्त्रं आली. पुढच्या दशकात हरिभाऊ आपट्यांनी 'उषःकाल' लिहिली. इथवर बरोबरी. मग रवींद्रनाथांनी देशभक्तालाच पिंजऱ्यात उभं केलं. 'गोरा'मधला कडवा हिंदू जन्माने आयरिश निघतो. 'घरे बाइरे'मधला (1916) संदीप तर स्वदेशीच्या नावाखाली गरिबांचा माल जाळायला लावतो आणि मित्राच्या बायकोला तिच्याच घरात चोरी करायला लावतो. वंगभंगाची चळवळ लोकांच्या डोळ्यांसमोर घडून गेली होती, तेव्हाचं हे धाडस. शिव्याही खाल्ल्या त्यांनी. आमच्याकडे हे काम नाटकावर ढकललेलं. 'घाशीराम कोतवाल'वर केवढा गदारोळ उठला! कादंबरीकार आधीच शहाणे. ते जिरेटोप, भवानी आणि अल्पविरामांनी लांबवलेली स्वगतं लिहीत राहिले.

आणि कच्चा माल कुठे आहे म्हणता? या, आमच्या नगरला या. जवळच भातवडी आहे. 1624 मध्ये तिथे मलिक अंबर हा हबशी आणि शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने, मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांविरुद्ध लढले. शहाजींचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. या दोन भावांची नावं नगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवली, असं परंपरा सांगते. आता करा 'आपले' आणि 'परके' अशी वाटणी! जमत नाही, म्हणून तर भातवडी एका प्रकरणात उरकून लेखक घाईघाईने शिवनेरीवर पोचतो.

त्याहून अवघड चाँदबीबी. 1595-96 मध्ये तिने मोगलांपासून नगरचा किल्ला राखला, ते चित्र आम्हाला आवडतं. तलवार आहे, तटबंदी आहे. 1600 मध्ये वेढा पुन्हा पडला, तिने वाटाघाटींचा विचार केला, तर मोगलांना फितूर झाली अशी हाकाटी उठली आणि तिच्याच लोकांनी तिला मारलं. ती हाकाटी करणाऱ्या, स्वतःला कडवा राज्यनिष्ठ समजणाऱ्या माणसाच्या डोक्यात शिरून मला तीनशे पानं वाचायची आहेत. छापणारा प्रकाशक असेल, तर आधी त्याने दुकानाच्या काचांचा विमा उतरवावा.