उत्खननाआधीची उतावीळ

जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यातील सलाल-हैमाना पट्ट्यात ५९ लाख टन लिथियम खनिजाचा ‘अनुमानित’ स्रोत असल्याची घोषणा फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली आणि बॅटरीच्या बाबतीत देश आता स्वयंपूर्ण होणार, असे ढोल बडवले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने महत्त्वाच्या खनिजांचा पहिला लिलाव पुकारला, त्यात हा ब्लॉकही होता. किमान तीन पात्र बोलीदारही न मिळाल्याने तो लिलाव रद्द झाला. दुसऱ्या खेपेलाही तेच घडले. याचा दोष उद्योगांच्या अनास्थेला देणे सोपे आहे, पण बरोबर नाही. रियासीचे शोधकार्य ‘जी-३’, म्हणजे प्राथमिक पायरीवरचे होते. त्यातच तेथील लिथियम बॉक्साइट आणि चिकणमातीच्या थरांत आहे. जगाला लिथियम मिळते ते प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील स्पोड्युमीनच्या खडकांतून आणि चिली-अर्जेंटिनातील खाऱ्या सरोवरांतून. चिकणमातीतून ते किफायतशीरपणे वेगळे काढण्याची पद्धत अजून व्यापारी पातळीवर रुळलेली नाही. शिवाय प्रदेश हिमालयातला, भूकंपप्रवण. एवढ्या अनिश्चिततेवर कोणी पैसा लावणार नाही, हे जाणण्यासाठी लिलावाची गरज नव्हती.

प्रश्न एका ब्लॉकचा नाही. जमिनीखाली काय आहे याचा सुगावा लागणे आणि ते काढणे परवडेल हे सिद्ध होणे, यांतील अंतर आपल्या धोरणाने अजून नीट मोजलेले नाही, हे खरे दुखणे आहे. उदाहरणार्थ, निकेल-तांब्याचा शोध अनेकदा गंजलेल्या तांबूस खडकापासून सुरू होतो. मग विमानातून वा हेलिकॉप्टरमधून विद्युतचुंबकीय सर्वेक्षण होते, कारण सल्फाइड खनिजे वीजवाहक असतात. पण ग्रॅफाइटही वीजवाहकच असल्याने यंत्राने दाखवलेली खूण पुष्कळदा फसवी निघते. खरे-खोटे ठरते ते हिरेजडित बिटाने केलेल्या ड्रिलिंगमध्ये. खडकाची लांब नळकांडी, म्हणजे कोअर, खोलीच्या क्रमाने पेटीत मांडली जाते आणि उभी चिरली जाते. अर्धा भाग प्रयोगशाळेत जातो, उरलेला फेरतपासणीसाठी पेटीतच राहतो. प्रयोगशाळेचीही परीक्षा व्हावी म्हणून पाठवलेल्या नमुन्यांत प्रमाण माहीत असलेले आणि धातू नसलेले नमुने मुद्दाम मिसळले जातात. अशी अनेक छिद्रे जवळजवळ घेतल्यावरच अनुमानाला बळकटी येते. यातले बहुसंख्य प्रयत्न कोरडे जातात, आणि तो गैरव्यवहार नसतो. या धंद्याचा स्वभावच तसा आहे.

यश आले तरी ते सावकाश येते. कॅनडाच्या लॅब्राडोरमधील व्हॉइझीज बे येथे १९९३ मध्ये दोन शोधकांना निकेल-तांब्याचा समृद्ध साठा सापडला. ते हिऱ्यांच्या शोधात होते. तेथून उत्पादन सुरू व्हायला २००५ उजाडले. मधल्या काळात इनू आणि इन्युइट या मूळ रहिवाशांशी करारही करावे लागले. त्याच देशाने घाईची किंमतही मोजली आहे. ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीने इंडोनेशियात सापडल्याचे सांगितलेले अफाट सोने नमुन्यांत बाहेरून मिसळलेले होते, हे १९९७ मध्ये उघड झाले आणि गुंतवणूकदार बुडाले. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने नियम केला: खनिजाचा आकडा जाहीर करायचा तर त्यामागे जबाबदार पात्र तज्ज्ञाचे नाव हवे आणि अनुमानित स्रोताला सिद्ध साठ्याच्या पंक्तीला बसवता येणार नाही. सरकारी संस्थांच्या घोषणांना आपल्याकडेही अशीच शिस्त हवी.

यावर आक्षेप येईल की, देशाला थांबायला वेळ नाही. निकेलचे प्राथमिक उत्पादन आपल्याकडे जवळपास नाही, जगातील निम्म्याहून अधिक निकेल एकटा इंडोनेशिया काढतो. तुतिकोरिनचा तांबे-प्रकल्प २०१८ मध्ये बंद पडल्यापासून शुद्ध तांब्यासाठी आपण आयातीवर विसंबलो. हे सारे खरे. पण फसलेल्या लिलावांनी वेळ वाचत नाही, वाया जातो. लिथियमचे भाव २०२२ अखेरच्या शिखरावरून दोन वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक कोसळले. अशा बाजारात टिकतो तो पक्क्या माहितीचा प्रकल्प. शोध हे खाणीचे पहिले पाऊल, म्हणून तो गावात नकोच, असा दुसरा आक्षेप. खाणींनी पोळलेल्या गावांची ही शंका अनाठायी नाही. मात्र मातीचे नमुने आणि मोजकी छिद्रे म्हणजे खाण नव्हे. ग्रामसभेला ड्रिलिंग यंत्र येण्याआधी माहिती मिळाली, छिद्रे बुजवली गेली आणि निष्कर्ष तिच्यापुढे ठेवले गेले, तर पुढचा निर्णय गावालाही डोळसपणे घेता येईल.

सरकारने काहीच केले नाही, असे नाही. खाण कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती करून शोध परवान्याची सोय झाली. शोधकाला पुढील खाणीच्या लिलाव-रकमेत वाटा मिळणार आहे. जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांसाठीच्या १६,३०० कोटींच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी मिळाली असून २०३०-३१ पर्यंत १,२०० शोध प्रकल्पांचे लक्ष्य आहे. पण प्रकल्पांची संख्या म्हणजे ज्ञान नव्हे, आणि वाटा मिळण्यासाठी वर्षानुवर्षे लिलावाची वाट पाहायला लावली तर छोटे शोधक या वाटेला जाणार नाहीत. भारतीय खाण ब्युरो आणि खनिज शोधाचे काम करणारी एमईसीएल या दोन्हींची मुख्यालये नागपुरात आहेत. तेथील अनुभवाला घोषणांच्या वेळापत्रकामागे धावायला लावू नये. ब्लॉक लिलावात काढण्याआधी सरकारी पैशाने पुरेसे ड्रिलिंग व्हावे आणि धातू वेगळा करण्याची चाचणी व्हावी. आणि किती मीटर ड्रिलिंग झाले, काय सापडले व कुठे काहीच सापडले नाही, याचा हिशेब केंद्राने दर वर्षी संसदेपुढे ठेवावा.