सतरावी स्लाइड

आमच्या भाच्याचा बडोद्यास मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लहानसा कारखाना आहे. चार लेथ, एक मिलिंग, सहा कारागीर. पंपांना लागणारे पितळी बुश तेथे तयार होतात. गेल्या वर्षी त्याने सीएनसी यंत्र घ्यावयाचे ठरविले आणि कर्जासाठी एका बँकेपुढे आपला प्रस्ताव मांडला. पंचवीस स्लाइड्स, मागे निळा-जांभळा रंग, डावीकडून उडत येणारी अक्षरे आणि कोपऱ्यात सतत फिरणारे एक दातेरी चक्र. अर्ध्या तासाने व्यवस्थापकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिले व म्हणाले, "घर तारण देणार असाल तर विचार करू." घर म्हणजे दांडिया बाजारातील आमच्या भगिनीचे राहते घर. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी भाचा लॅपटॉप काखोटीस मारून आमच्याकडे आला. "मामा, तुम्ही जन्मभर फळ्यापुढे उभे राहून शिकवलंत. जरा बघा ना, काय चुकलं ते." आम्ही पाहिले. खरी गोष्ट सतराव्या स्लाइडवर होती, आणि तेथेही आठांपैकी सातव्या ओळीत. कारखान्याकडे येणाऱ्या मागणीपैकी जवळजवळ एकतृतीयांश मागणी त्याला दरमहा परत करावी लागत होती. यंत्र कशासाठी हवे, याचे सारे उत्तर त्या ओळीत होते. आम्ही विचारले, "अरे, हे साहेबांना सांगितलंस का?"

"स्लाइडवर होतं की, मामा!"

हे उत्तर ऐकून आम्हांस एक फार मोठे दुःखद उदाहरण आठवले. १६ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेचे कोलंबिया यान अवकाशात झेपावले. उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असतानाच तंत्रज्ञांनी त्या आघाताचा हिशेब करून तो अधिकाऱ्यांपुढे स्लाइड्सच्या रूपाने ठेवला. त्यांतील एका स्लाइडचे शीर्षक मोठ्या अक्षरांत आणि धीर देणारे होते. अगदी तळाच्या बारीक ओळीत मात्र लिहिले होते की, चाचणीत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा होता, आणि इथल्या तुकड्याचा अंदाज १,९२० घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीस परतताना यान भंगले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर प्राणांस मुकले. ही स्लाइड वाचून प्रसंग जिवावरचा आहे हे वरिष्ठांच्या ध्यानात न येणे सहज समजण्यासारखे आहे, असा अभिप्राय त्याच वर्षीच्या चौकशी अहवालात आहे. एका स्लाइडने यान पाडले असे कोणीच म्हणणार नाही. कारणे अनेक होती. पण त्या दोन आकड्यांशेजारी दोन ठोकळे काढले असते, एक लिंबाएवढा आणि दुसरा मोठ्या कलिंगडाएवढा, तर ती ओळ कोणाच्या नजरेतून सुटली असती काय?

भाच्याच्या पंचवीस स्लाइड्सचा आम्ही निकाल लावावयास घेतला. उडती अक्षरे आणि दातेरी चक्र आधी गेले. मग एक स्तंभालेख लागला. उलाढाल ४८ लाखांवरून ५४ लाखांवर गेली होती. वाढ साडेबारा टक्के. पण आलेखाची तळरेषा शून्याऐवजी ४० लाखांपासून सुरू केल्यामुळे दुसरा स्तंभ पहिल्याच्या पावणेदोन पट उंच दिसत होता. "संगणकानं आपोआप तसं काढलं," भाचा म्हणाला. असेलही. परंतु आकड्यांत मुरलेल्या बँकवाल्यास असा स्तंभ दिसला की तो पुढच्या साऱ्याच आकड्यांकडे संशयाने पाहतो. स्तंभाची उंची हेच त्याचे म्हणणे असते, म्हणून तो शून्यापासूनच उभा राहिला पाहिजे.

आता सतराव्या स्लाइडची ती ओळ चित्रात कशी आणावी? येथे आमच्या मदतीस विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश गृहस्थ आला. १७८६ मध्ये त्याने इंग्लंडच्या व्यापाराचे आलेख छापून प्रसिद्ध केले. व्यापाराचे आकडे अशा रेषांनी दाखविण्याची प्रथा त्यानेच पाडली. डेन्मार्क व नॉर्वेशी झालेल्या व्यापाराच्या आलेखात आयातीची एक रेषा आहे, निर्यातीची दुसरी. त्यांच्या मधल्या जागेत रंग भरला आहे, आणि नफा-तोट्याची बाजू त्या रंगावरून कळते. रेषांची नावे बाजूच्या चौकटीत न देता रेषांवरच लिहिली आहेत. सव्वादोनशेहून अधिक वर्षे लोटली. यापेक्षा सरळ युक्ती आम्हांस तरी ठाऊक नाही.

आम्ही जेवणाच्या टेबलावर आलेखकागद पसरला. खाली एप्रिल ते मार्च महिने मांडले. वरची रेषा आलेल्या मागणीची, खालची पुऱ्या केलेल्या मागणीची. दिवाळीपर्यंत दोन्ही जवळजवळ होत्या, पुढे फाकत गेल्या. मधल्या जागेत भाच्याच्या मुलीने आपल्या खडूने केशरी रंग भरला. भगिनी शेजारी उभी होती. ती चटकन म्हणाली, "एवढं काम परत जातं होय रे?" तिला तोवर हे कोणी सांगितलेच नव्हते.

बोलावे कसे, याविषयी मात्र आम्ही आमच्या आजोळची आठवण सांगितली. आजोळ कुडाळकडचे, जवळच पिंगुळी. तेथील चित्रकथीचा खेळ लहानपणी पाहिलेला. सुट्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्यास पोथी म्हणतात. कथेकरी एक चित्र उभे धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने प्रसंग सांगतो. तो संपला की पुढचे चित्र. चित्र पाहावयाचे, मजकूर कथेकऱ्याच्या मुखात. याच कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आमचा भाचा बँकेत पडद्याकडे तोंड करून आठ-आठ ओळी वाचीत होता. साहेबांनी त्या आधीच मनात वाचून संपविलेल्या. चित्राची गरज सरली की पडदा काळा करावा. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड चालू असता 'बी' हे अक्षर दाबले की पडदा काळा होतो आणि माणसे पुन्हा बोलणाऱ्याकडे पाहू लागतात.

दुसऱ्या खेपेस भाचा त्याच बँकेत तीन स्लाइड्स घेऊन गेला. खिशात दोन बुश आणि एक दांडा होता. एक बुश जुन्या लेथवरचा, दुसरा ओळखीच्या कारखान्यातील सीएनसीवरचा. केशरी जागेचा आलेख दाखवून त्याने पडदा काळा केला आणि तिन्ही वस्तू साहेबांच्या हाती दिल्या. जुना बुश दांड्यावर डुगडुगत होता, दुसरा अलगद बसला. साहेबांनी चार वेळा काढून घालून पाहिला, मग मागणी परत केल्याची पत्रे मागितली. ती भाच्याजवळ होती.

कर्ज मागितल्याहून थोडे कमी मंजूर झाले, आणि तारण म्हणून यंत्रच पुरले. घराचे कागद भगिनीच्या कपाटात जेथल्या तेथे आहेत. तो डुगडुगणारा बुश मात्र साहेबांनी परत दिला नाही. त्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो, असे भाचा सांगतो.