पिवळा दिवा विझवू नका!

राजाचे हेर खोटी वार्ता आणू लागले, तर राजा कितीही शहाणा असला तरी त्याचे राज्य रसातळाला जाते. आजच्या मोटारीची गत याहून वेगळी नाही. पूर्वी कुशल कारागीर कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून, नुसत्या कानाने इंजिनाची नाडी ओळखीत असे. आता ते काम एक लहानसा संगणक करतो. परंतु त्याला ना डोळे, ना कान! सेन्सर सांगतील तेच त्याचे सत्य.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास निघालो होतो. मोटारीच्या दर्शनी फलकावरील पिवळा दिवा दोन महिने जळत होता. ‘चालतंय तोवर चालवा,’ असे एका गॅरेजवाल्याने सांगितले होते आणि वडिलांनीही ते मानले. घाटात मोटार धक्के खाऊ लागली, काळा धूर निघाला, पेट्रोलचा उग्र वास सुटला. पुढे कळले, की पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर, तापलेल्या इंजिनालाही ‘थंड आहे’ असे सांगत होता आणि भाबडा संगणक त्याला जादा पेट्रोल पाजीत होता!

वजनाने १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल, हे इंजिनाचे उत्तम पथ्य. ते सांभाळण्यासाठी धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर १९७६ साली बॉश कंपनीने मोटारीत आणला. हे पथ्य मोडले की नुकसान केवळ खिशाचे होत नाही. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या नळकांड्यात जाऊन जळते व ते निकामी होते. मग विषारी वायू तसाच बाहेर पडतो. तो कोणाच्या छातीत जातो? मागून सायकलवर येणाऱ्या निरपराध विद्यार्थ्याच्या!

यावर कोणी म्हणतील, ‘सेन्सरही खोटे बोलतात, मग दिव्यावर विश्वास का ठेवावा?’ आक्षेप रास्त आहे. दिवा ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. दोष कधी सेन्सरचा असतो, कधी तुटक्या तारेचा, तर कधी फुटक्या नळीचा. म्हणून तपास न करता सेन्सर बदलणे हा जसा उधळेपणा, तसाच दिव्याची तार तोडणे हा आत्मघात. दिवा स्थिर असेल तर लवकर तपासणी करावी. लुकलुकत असेल तर मोटार सुरक्षित जागी थांबवावी, हेच शहाणपण.

प्रगतिपुस्तकातील लाल रेघ खोडल्याने गणित येत नसते. दोष दाखविणाऱ्याचे तोंड बंद करण्याची ही खोड घरातून, शाळेतून आणि रस्त्यावरून हद्दपार झाली पाहिजे. विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आपल्या मोटारीचा फलक एकदा पाहाल ना?