कॉफीचा पेला आणि घराण्याची अब्रू

परभणीस वसमत रस्त्याच्या बाजूला एक लहानसे कॉफीगृह निघाले आहे. त्यावरून गावातील सुशिक्षित घरांत जी चर्चा चालू आहे, ती ऐकून आम्ही प्रथम हसलो. पुढे दोन-तीन परिचितांनी आपल्या मुलींस तेथे जाण्याची बंदी केल्याचे कळले, तेव्हा हे प्रकरण हसण्यावारी नेण्याजोगे नाही असे ध्यानात आले. ज्या स्थळाविषयी मत द्यावयाचे ते आधी डोळ्यांनी पाहावे, या शिरस्त्यास अनुसरून आम्ही एके सायंकाळी तेथे गेलो.

दुकान विक्षिप्त आहे, यात शंका नाही. शिवणयंत्रांच्या लोखंडी पायांवर फळ्या ठोकून मेजे केली आहेत. दरपत्रक शाळेच्या पाटीवर खडूने लिहिले आहे. कोपऱ्यात कापूस तोलण्याचा जुना काटा असून त्याच्या पारड्यात पुस्तके रचली आहेत. साखर मागितल्यावाचून मिळत नाही. कॉफी आमच्या जिभेस मानवली नाही, हेही प्रांजळपणे सांगून टाकतो. परंतु आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. भिंतीलगतच्या मेजाशी कृषी विद्यापीठातील एक विद्यार्थिनी एकटीच वाचीत बसली होती. तिच्यापुढील पेला केव्हाच रिकामा झाला होता. तरी तिला कोणी उठवीत नव्हते, की तिच्याकडे कोणी टक लावून पाहत नव्हते. आम्ही विचारपूस केली, तेव्हा ती म्हणाली, "सर, खोलीवर आम्ही चौघी राहतो. एकटीनं तासभर निवांत बसावं, अशी गावात मला ही एवढीच जागा सापडली."

आमच्या मते सर्व वादाचा निकाल या उत्तरात आहे.

आक्षेपकांचा पहिला मुद्दा असा की, अशा ठिकाणी मुली बिघडतात. हेच गृहस्थ तरुणपणी एका चहावर दोन-दोन तास हॉटेलात राजकारण कुटीत बसत. ते कितपत बिघडले, हे त्यांनीच सांगावे. त्या हॉटेलांत स्त्रियांसाठी 'फॅमिली रूम' नावाची पडद्याआडची जागा असे, आणि तेथेही पुरुषाच्या सोबतीवाचून गेलेल्या बाईचा गावभर बोभाटा होई. आता तो पडदा गेला, एवढाच काय तो बिघाड!

दुसरा मुद्दा, ही चाल परकी आहे. असेल, पण तिला विरोध करण्याची चालही तितकीच जुनी आहे. लंडनचे लोक कॉफीगृहांत जमून राज्यकारभाराची चर्चा करू लागले, तेव्हा दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात ती बंद करण्याचे फर्मान काढले, आणि ओरड होताच थोड्याच दिवसांत ते मागे घेतले. आपल्या पुण्यात १४ ऑक्टोबर १८९० रोजी रानडे, टिळक प्रभृती मंडळी पंचहौद मिशनमध्ये चहास गेली, तर केवढे ग्रामण्य माजले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत जाऊन प्रायश्चित्तांपर्यंत आले. मराठवाड्यातील खेड्यांत हॉटेलाबाहेर दलितांसाठी निराळ्या कपबश्या ठेवीत, तोही याच मासल्याचा प्रकार. यांपैकी कोठेही तक्रार पेयाविषयी नव्हती. कोणी कोणाजवळ बसावे, याविषयी होती. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांत धर्म, जात वा लिंग या कारणास्तव कोणास अटकाव करण्यास मनाई केली आहे. कायद्याने दार उघडले. घराण्याच्या अब्रूने ते आतून लोटून धरले आहे.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि येथे मात्र आम्ही आक्षेपकांच्या बाजूस आहोत. एका पेल्यास शंभरावर रुपये म्हणजे शेतमजूर बाईच्या रोजास खिंडार पाडणारी रक्कम. कापडी पडदा काढून किमतीचा पडदा लावावयाचा असेल, तर फार काही साधले असे नव्हे. परभणीस १९९५ साली साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष नारायण सुर्वे यांनी लहानपणी हॉटेलात कपबश्या विसळल्या होत्या. त्यांस ज्या गावाने मानाने व्यासपीठावर बसविले, तेथे कपबश्या विसळणाऱ्याच्या मुलीस परवडेल असा एक तरी पेला त्या पाटीवर लिहिलेला असावा. आम्ही हे तरुण मालकास बोललो. त्याने भाड्याचा हिशोब पुढे केला. तो खोटा नव्हता. तरीही आमचा आग्रह कायम आहे.

पण किंमत उतरविण्याचा आग्रह निराळा आणि मुलीचा पाय घरात अडकविणे निराळे. पहिल्याच्या आडून दुसरे साधू पाहणाऱ्यांस आमचा विरोध आहे. वाचकांपैकी जे मुलींचे वडील असतील त्यांस एवढीच विनंती की, बंदी करण्यापूर्वी एकदा लेकीबरोबर तेथे जाऊन बसावे. कॉफी कडू लागली, तर साखर मागून घ्यावी.